पेगन वर्तुळ आणि इगर्जीतली मिस

गळ्यात वर्तुळातला पाच टोकांचा तारा दिसला, की आपल्याकडे लगेच ‘सैतानाची पूजा’ असा शिक्का बसतो. गोव्यात हरमल-हणजूणच्या बाजारात अशी लॉकेटं सर्रास मिळतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. हे चिन्ह पेगनांचं, म्हणजे युरोपातल्या जुन्या, ख्रिस्तपूर्व देवतांना आणि निसर्गाला आज पुन्हा भजणाऱ्यांचं. चार टोकं म्हणजे वारा, अग्नी, पाणी आणि पृथ्वी. वरचं पाचवं टोक म्हणजे आत्मा. सैतान हे पात्र ख्रिस्ती धर्मकथेतलं आहे: देवाविरुद्ध बंड करणारा देवदूत. ज्यांच्या श्रद्धेत ती कथाच नाही, ते त्याची पूजा कशाला करतील? स्वतःला सैतानपंथी म्हणवणारे लोक आहेत, पण तो पंथ वेगळा, आणि बहुतेक पेगन त्याच्याशी नातं सांगत नाहीत.

दुसरा घोळ शब्दाचा. लॅटिन ‘पागानुस’चा मूळ अर्थ खेड्यातला माणूस. पुढे ख्रिस्ती लेखकांनी तो बिगरख्रिस्ती माणसासाठी वापरला. पोर्तुगीजांनी इथल्या हिंदूंसाठी जो ‘जेंतीव’ शब्द वापरला, तो त्याच पठडीतला. १७३६च्या फर्मानात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, दारातली तुळस आणि लग्नातला विडाही निषिद्ध ठरवला होता, हे गोव्यात तरी विसरता येणार नाही. आजचे पेगन मात्र तो जुना हिणवणारा शब्द आपण होऊन स्वतःसाठी वापरतात. मराठीत त्याचं ‘मूर्तिपूजक’ असं भाषांतर केलं जातं, ते फसवं आहे. कितीतरी पेगनांच्या घरी मूर्ती नसते. एखादं झाड, दगड किंवा पेटती मेणबत्ती असते.

या एका नावाखाली बरेच पंथ येतात. देव-देवी आणि जादूचे विधी मानणारा विक्का त्यांतला सर्वांत परिचित. ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या पंथावर उघडपणे पुस्तक लिहिलं. आइसलंडमध्ये ओडिन-थॉर या उत्तर युरोपातल्या जुन्या (नॉर्स) देवांना मानणाऱ्यांची संस्था १९७२मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. जुन्या केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारे ड्रुइड पंथीय आहेत, ग्रीक देवतांना पुन्हा भजणारे आहेत, लिथुआनियात तिथल्या जुन्या देवतांचा रोमुवा पंथ आहे. हे सगळे पंथ आजच्या रूपात नवे आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण होते ती ‘आमचा धर्म अश्मयुगापासून अखंड चालत आला’ असं कोणी सांगतो तेव्हा. ती कल्पना मार्गारेट मरे यांच्या १९२१च्या पुस्तकाने लोकप्रिय केली आणि इतिहासकारांनी ती केव्हाच मोडीत काढली आहे. युरोपात ‘नव्वद लाख चेटकिणी जाळल्या’ हा आकडाही तसाच. आजचे अभ्यासक चाळीस ते साठ हजार मृत्युदंड मानतात, आणि मारले गेलेले बहुतेक जण स्वतःला ख्रिस्तीच समजत होते. खरा आकडाही भयंकरच आहे. तो फुगवायची गरज नाही.

श्रद्धांची तुलना करताना लोक हमखास एक चूक करतात. ख्रिस्ती प्रश्न घेऊन पेगनाकडे जातात: तुमचा धर्मग्रंथ कोणता, तुमचा तारणहार कोण, मेल्यावर स्वर्ग की नरक? इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, दर आयतारी (रविवारी) ‘मी विश्वास धरतो’ म्हणून जो मतांगीकार म्हटला जातो, तसं सर्वमान्य असं काही पेगनांकडे नाही. त्यांना एकत्र आणतो तो आचार. एकाच वर्तुळात उभ्या असलेल्या तिघांपैकी एकजण देव-देवी खऱ्याच व्यक्ती आहेत असं मानेल, दुसऱ्याला सारी सृष्टीच देव वाटेल, तिसरा देवतांना मनाची प्रतीकं समजेल. तरी विधी बिनबोभाट पार पडतो.

खरी गाठ पापाच्या कल्पनेत आहे. ख्रिस्ती शिकवणीत माणूस आदिपापात जन्मतो, स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही. म्हणून ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान, म्हणून बाप्तिस्मा, म्हणून कुमसार, म्हणजे धर्मगुरूपुढे पापाची कबुली. पेगनांकडे आदिपापच नाही, त्यामुळे तारणहाराची जागाही रिकामी राहत नाही. ती मुळात नसतेच. याचा अर्थ काहीही चालतं असा नव्हे. विक्काचं सूत्र आहे: कोणाला इजा होत नसेल तर हवं ते कर. पहिली अट फार कडक आहे, कारण ‘कोणाला’ यात आपण स्वतःही आलो. केलेलं तिपटीने परत येतं असंही बरेच विक्कन मानतात. आपल्याला हे कर्मफळासारखं वाटतं, पण कर्मफळात असा तिपटीचा हिशेब नाही. आणि हे दोन्ही नियम विक्काचे आहेत. थॉरच्या भक्ताला ते लागू नाहीत, तो वचन पाळणं, पाहुणचार आणि धैर्य यांची भाषा बोलतो.

मरणोत्तर गतीबद्दल बरेच विक्कन पुनर्जन्म मानतात. नॉर्स परंपरेतलं ‘हेल’ म्हणजे मृतांचं घर, शिक्षेची जागा नव्हे. ख्रिस्ती माणूस एकच जन्म आणि शेवटी देहासकट पुनरुत्थान मानतो.

आता प्रत्यक्ष विधी. विक्काचं पारंपरिक वर्तुळ नऊ फूट व्यासाचं: मधोमध खुंटी, तिला साडेचार फुटांची दोरी, आणि फिरवून रेघ. आधी केरसुणीने जागा झाडायची. वेदीवर मीठ, पाणी, धूप, मेणबत्ती, पेला आणि काळ्या मुठीचा दुधारी सुरा. हा सुरा काही कापायला नसतो, म्हणून धार बहुधा बोथटच ठेवतात. वनस्पती कापायला पांढऱ्या मुठीचा वेगळा असतो. मग सुरा धरून सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखंच, वर्तुळ आखायचं. मीठ-पाणी शिंपडायचं, धूप फिरवायचा. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी अशी चारही दिशांना हाक द्यायची, मग देवी आणि देवाला बोलवायचं. मधेच बाहेर जायचं झालं तर सुऱ्याने हवेत दार ‘कापतात’ आणि परतल्यावर बंद करतात. शेवटी केक किंवा भाकर आणि वाइन वाटून घेतात, देवतांचा निरोप घेतात आणि वर्तुळ मोडतात.

भाकर आणि वाइन बघून ‘ही तर मिसच’, म्हणजे चर्चमधली प्रार्थनासभाच, असं वाटतं, आणि इथेच सर्वांत मोठा फरक आहे. कॅथलिक मिसेत अभिषिक्त धर्मगुरूच्या शब्दांनी भाकर आणि वाइन ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. उरलेला पवित्र प्रसाद कुलुपाच्या पेटीत आदराने ठेवतात. वर्तुळातली भाकर भाकरच राहते. ती जमिनीने दिली म्हणून तिचे आभार, आणि तिचा वाटा पुन्हा जमिनीवर ठेवायचा. कॅथलिक चर्चची भूमिकाही स्पष्ट आहे: त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथाचे २११६ आणि २११७ हे परिच्छेद भविष्यकथन आणि जादू दोन्ही नाकारतात. म्हणून ‘मी दोन्ही करतो’ म्हणणाऱ्याला पेगनांपेक्षा इगर्जीतच अडचण येते.

गोव्यात हा विधी करताना काय बिघडतं तेही सांगायला हवं. पुस्तकात वाचून कोणी मिठाची रेघ ओढतो. बागेत ती पुढच्या पावसात मुळांपर्यंत जाते आणि रोपं करपतात. तांदळाच्या पिठाची रेघ ओढा, मुंग्या खाऊन टाकतील. किनाऱ्यावर संध्याकाळच्या वाऱ्यात उघडी मेणबत्ती टिकत नाही, काचेचा कंदील लागतो. आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या हंगामात रात्री दिवे लावूच नयेत. अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात आणि मरतात. निसर्गाला पवित्र मानणाऱ्याने निदान एवढं पाळावं.

दिशांचीही गंमत आहे. पश्चिमेला पाणी ही मांडणी आपल्याकडे चपखल बसते, अरबी समुद्र तिकडेच आहे. अग्नीची दिशा मात्र डळमळते. ब्रिटनमध्ये दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो म्हणून अग्नी दक्षिणेला. पणजी सुमारे साडेपंधरा अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला झुकलेला असतो. जूनमध्ये अंगणात काठी रोवा आणि ढग हटले की बघा, दुपारची सावली दक्षिणेकडे पडलेली दिसेल.

त्यांच्या आठ सणांच्या चक्राचंही तेच होतं. २१ डिसेंबरच्या सुमाराचं यूल हा अंधारातून उजेड परतण्याचा सण. लंडनमध्ये तेव्हा दिवस जेमतेम आठ तासांचा. पणजीत सव्वाअकरा तासांचा आणि हवा वर्षातली सर्वांत सुखाची. १ मेचा बेल्टेन तिथे फुलांचा, इथे विहिरी तळाला गेलेल्या. १ ऑगस्टचा लुनासा मात्र जवळ येतो. इंग्लंडात त्याच दिवशी नव्या गव्हाची भाकर इगर्जीत नेत, आणि गोव्यातल्या राय गावी ५ ऑगस्टला भाताची कणसं आशीर्वादासाठी नेतात. तशाच कणसांची आपण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या दिवशी नव्याच्या पंचमीला पूजा करतो आणि ती दाराला बांधतो. यात कोणी कोणाची चोरी केलेली नाही. पीक तयार झालं की शेतकरी पहिला वाटा देवापुढे ठेवतो, देव कोणताही असो.

‘ईस्टर पेगनांकडून चोरला’ असं म्हणणाऱ्यांसाठी: ईओस्त्रे देवीचा जुना उल्लेख एकच, बीड या ख्रिस्ती साधूच्या ७२५मधल्या ग्रंथातला, आणि तोही फक्त इंग्रजी महिन्याच्या नावापुरता. सण स्वतः ज्यूंच्या वल्हांडणाशी बांधलेला आहे.

‘म्हणजे ते आपल्यासारखेच’ हेही मला पटत नाही. आपल्याकडे कुलदैवत जन्माने मिळतं, सांतेरी देवीचं वारूळ गावाचं असतं, राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, रोट (जाड भाकर) गावाच्या रीतीने दिला जातो. आजच्या पेगनांपैकी बहुतेकांनी आपली देवता मोठेपणी स्वतः निवडलेली असते. उलट म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला (मेरीमातेला) लईराई देवीची बहीण मानून तेल वाहणारा हिंदू कोणतंही नवं चक्र शोधत नसतो. तो घरची वाट चालत असतो.

सांजाव हा गोव्यातला ख्रिस्ती सण बघा. २४ जून हा सेंट जॉनचा जन्मदिन, नाताळच्या सहा महिने आधी धरलेला, आणि पेगनांच्या लिथा या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सणापासून तीन दिवसांवर. युरोपात त्या रात्री डोंगरांवर होळ्या पेटतात. आपल्याकडे तोवर पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून माणसं भरलेल्या विहिरीत उड्या मारतात.