टी-४८०: पंखा साफ झाला, आता बेअरिंग

जुन्या थिंकपॅड टी-४८० लॅपटॉपचं काम या आठवड्यात बरंच पुढे सरकलं. यातल्या आय५-८२५०यू प्रोसेसरच्या तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश. व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला की तापमान लगेच ९७वर जायचं आणि वेग पडायचा. पंख्याचा आवाज भरपूर, पण बाजूच्या जाळीशी हात धरला तर हवा जेमतेम. म्हणजे धूळ आतच अडकलेली.

बाहेरून जाळीत हवा मारू नये, असं माझं ठाम मत आहे. धूळ साचते पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग) बारीक पात्यांच्या मधे, आतल्या बाजूला. बाहेरून फुंकलं की ती उलटी पंख्यातच जाते. म्हणून खालचं कव्हर काढलंच.

टी-४८०ला दोन बॅटऱ्या असतात हे विसरू नका. मागची काढली तरी आतली चालूच राहते. आधी चार्जर काढून बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) कॉन्फिग, पॉवर इथे जाऊन ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ केलं. नंतर चार्जर जोडला की ती आपोआप परत सुरू होते. कव्हरचे स्क्रू कव्हरलाच अडकून राहतात, हरवायची भीती नाही.

पंखा आणि हीटसिंक एकत्रच निघतात. बाहेर काढल्यावर पात्यांच्या तोंडाशी गादीतल्या कापसासारखा थर दिसला. तो चिमट्याने अख्खा उचलला, उरलेली धूळ मऊ ब्रशने आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच्या रबरी ब्लोअरने काढली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. मोकळा सोडला तर तो नको तेवढ्या वेगाने फिरतो आणि बेअरिंगला मार बसतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मी मदरबोर्डाजवळ नेत नाही, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

हीटसिंक एकदा उचलला की चिप आणि त्याच्या मधली जुनी उष्णतावाहक पेस्ट चालत नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, चिपवर नवी पेस्ट थोडीशीच लावली आणि हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर दाब तिरका पडतो.

आता तेच काम ८४च्या आसपास होतं आणि वेग टिकतो. खूप समाधान वाटलं! मात्र पंखा मंद फिरताना हलकी घरघर येते. धूळ तर गेली, तेव्हा संशय बेअरिंगवर. अजून काही दिवस ऐकतो; कमी झाली नाही तर पंखा-हीटसिंकचा जोडच नवा मागवणार.