सोंड

गोळी आणायला मी म्हापशाला गेलो. डिचोलीतले फार्मसीवाले मला नावाने ओळखतात, आणि त्यातल्या दोघांनी मला जत्रेच्या नाटकात संभाजीचं काम करताना पाहिलंय. संभाजीने काउंटरवर वाकून ताठरतेची गोळी मागायची, हे जमण्यासारखं नव्हतं.

म्हापशाच्या माणसाने आधी चिठ्ठी मागितली. ती कुठली असणार? मग हळू आवाजात विचारलं, "छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी घेता काय?" ती आणि ही एकत्र पोटात गेली तर रक्तदाब धाडकन कोसळतो, म्हणाला. गोळी दिली नाही. तेव्हा राग आला होता.

शेवटी बायकोला घेऊन पणजीला डॉक्टरांकडे गेलो. साखर, रक्तदाब, सिगरेट, सगळ्याची उत्तरं घोकून ठेवली होती. त्यांनी पहिलंच विचारलं, "घोरता का?" बायको फसकन हसली. चार वर्षं ती आईच्या खोलीत झोपत होती. हे दुखणं म्हणून सांगायचं असतं, हेच आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग एकेक बाहेर पडू लागलं. रात्री तीनदा लघवीला उठणं. तालमीत दोन प्रवेशांच्या मध्ये खुर्चीतच लागणारी डुलकी (मंडळींनी ती फेणीच्या नावावर जमा केली होती). आणि एकदा चोडणची फेरीबोट रायबंदरला टेकली तरी मी स्टिअरिंगवर मान टाकून, मागे हॉर्नांचा कल्लोळ.

बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा लावून एक रात्र घरीच तपासणी झाली. तासाला 38 वेळा श्वास अडत किंवा मंदावत होता. 30च्या वर गेलं की तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. रक्तातला प्राणवायू 76 टक्क्यांपर्यंत उतरला होता.

पण याचा खालच्या मजल्याशी काय संबंध? डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून चार-पाच वेळा आपोआप ताठरता येते. त्या भागाला ताजं रक्त मिळण्याची ती वेळ. स्वप्नांच्या टप्प्यात घशाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात, म्हणून श्वासही तिथेच जास्त अडतो, आणि झोप मोडते. वारंवार प्राणवायू घसरल्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, आणि त्याच्याशिवाय वाहिन्या सैलावत नाहीत. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही झोपेतच वाढतं. मी मेला दोष वयाला देत होतो.

उपाय म्हणजे सीपॅप. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मांडलेली युक्ती: मास्कमधून सतत दाबाची हवा सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. पहिल्या रात्री बायको म्हणाली, "चवथ लांब आहे, गणपती आताच आणला काय?" तेव्हापासून यंत्राचं नाव सोंड. पहिले दहा दिवस मी ती झोपेत उपटून फेकायचो. आर्द्रतेच्या टाकीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. ते बॅटरीवाल्याकडे मिळतं, आणि तिथे विकत घेताना लाज वाटत नाही.

लघवीला उठणं दुसऱ्या आठवड्यात थांबलं. पाचव्या आठवड्यात बायको उशी घेऊन परत आली. नुसतं आवाज नाही म्हणून, हे तिने स्पष्ट केलं. पहाटेची ताठरता परतली ती त्याच सुमारास. पुढचं सगळं तिसऱ्या महिन्यात, आणि दरवेळी नाही. कधीमधी अर्धी गोळी लागते, आता चिठ्ठीवर आणि डिचोलीतूनच. टेस्टोस्टेरॉनचा आकडा मात्र जवळपास तिथेच आहे. सोंडेने तो वाढेलच असं नाही, वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले. सहा किलो उतरवलंय. एका मित्राने इंजेक्शनचा आग्रह धरला होता. श्वासावर उपचार नसताना ते घेतलं तर ॲप्निया आणखी बिघडू शकतो, हे कळल्यावर तोच तपासणी करून आला.

जूनमध्ये वीज गेली की सोंडही गप्प. पूर्वी मी गुदमरून उठायचो. आता माझ्या आधी बायकोच जागी होते, कोपराने ढोसते: "अहो, वीज गेली, कुशीवर वळा." इन्व्हर्टर पुढच्या महिन्यात घेतोय. ती म्हणते घाई नाही.