खणखणीत वाजलं पाहिजे

सिरॅमिकच्या कारखान्यात आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे कपबशा?" आणि लगेच दुसरा, "पडली की फुटते अशा वस्तूवर कोण विसंबणार?" परवा एका लग्नाच्या पंगतीत पुन्हा तेच. तुमच्याही मनात हेच आलं असेल, म्हणून सांगतो.

आम्ही विजेच्या तारांचे इन्सुलेटर बनवतो, म्हणजे तार पेलणारे पण तिच्यातली वीज टॉवरमध्ये उतरू न देणारे आधार. मोठ्या टॉवरवर तपकिरी चकत्यांची माळ लोंबते ना, ती. चिनी माती, फेल्डस्पार नावाचं खनिज आणि गारगोटीची भुकटी कालवायची, घडवायची, वाळवायची, झिलई चढवून साधारण १३०० अंशांवर भाजायची. त्या आचेत फेल्डस्पार वितळून कणांमधल्या फटी बुजवतं, मग पाणी आत शिरत नाही. कुंभाराचा माठ याहून बराच कमी तापतो, त्याच्या फटी उघड्याच राहतात. पाणी पाझरतं, उडून जातं, म्हणून तर आतलं गार होतं. आमची चकती, लोणच्याची बरणी आणि माठ, कूळ एकच.

आता फुटण्याचं. तांब्याचा तांब्या पडला तर पोचा येतो, कारण धातूत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि मार जिरवतात. सिरॅमिकमध्ये अणू इतके जखडलेले की सरकायला जागाच नाही. म्हणूनच ते आच सोसतं, लोणच्याच्या आंबटाला दाद देत नाही, सहसा झिजत नाही. आणि म्हणूनच कुठे केसाएवढी चीर असली की सगळा ताण तिच्या टोकाशी जमतो नि बशीचे दोन तुकडे. गुण आणि खोड एकाच पोटातले, वेगळे काढता येत नाहीत.

मात्र चीर उघडायला ओढ लागते. दाबलं तर ती उलट मिटते. इन्सुलेटरची सगळी युक्ती यातच आहे. वर लोखंडी टोपी, खाली खिळा, दोन्ही सिमेंटनं अशा बसवायच्या की तारेनं कितीही ओढलं तरी मातीवर मुख्यतः दाबच यावा. हे मला शिकवलं गेलं तेव्हा मी बराच वेळ चकती हातात घेऊन बघत बसलो होतो. भांड्याला नाजूक म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

बाकी यादी लांब आहे. स्पार्क प्लगचा पांढरा भाग अल्युमिनाचा, दातावरची कॅप बऱ्याचदा झिर्कोनियाची, दोन्ही सिरॅमिकच. ओट्यावरच्या गॅस लायटरमध्येही सिरॅमिकचा बारका तुकडा असतो, हातोडीचा टोला बसला की तो ठिणगीपुरती वीज देतो. बॅटरी नाही, काही नाही.

भट्टीतून माल निघाला की यंत्रावरच्या चाचण्या होतातच. पण आमचे जुने कामगार त्याआधी प्रत्येक चकतीवर बोटानं टिचकी मारतात, माझी आजी बाजारात माठ घेताना मारायची तशीच. खणखणीत वाजली तर पुढे. बद्द वाजली की बाजूला, मग ती दिसायला कितीही देखणी असो.