किती झाल्या?

बारा की तेरा, इथे गाडी अडली.

उथळ टोकाची दांडी धरून, गॉगल कपाळावर सरकवून मी आठवत उभी राहिले. पलीकडच्या भिंतीला हात लावताना बारा म्हटलं होतं, हे नक्की. येताना मधेच गॅस सिलिंडर नोंदवायचा राहिल्याचं आठवलं आणि मग ते बारा या फेरीचे की मागच्या, काही कळेना. उंच खुर्चीवर जीवरक्षक मुलगी बसली होती. तिलाच विचारलं, "ताई, किती झाल्या गं माझ्या?"

"काकू, मी राउंड नाही मोजत," ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. "डोकी मोजते."

आमचा तलाव महापालिकेचा, वरून पत्र्यानं झाकलेला. दुपारी बायकांची बॅच असते, पंचेचाळीस मिनिटांची. पत्र्याखाली आवाज असा घुमतो की कोणाच्या तरी सुनेची कहाणी चारही भिंतींवरून ऐकू येते, फक्त ती सून कोणाची ते समजत नाही. आणि तो वास! आपण त्याला क्लोरिनचा वास म्हणतो, पण क्लोरिनची घाम आणि (सांगायला नको अशा) इतर गोष्टींशी गाठ पडली की क्लोरामाइन नावाचं जे तयार होतं, त्याचा तो वास. म्हणून तर आधी अंघोळ करा अशी पाटी असते. आमच्यातल्या निम्म्याजणी शॉवरखाली पायाचे अंगठे भिजवतात आणि अंघोळ झाली असं धरून चालतात. आधीची बॅच कितपत प्रामाणिक होती ते दारातच कळतं.

तर मोजणी. मुळात एक फेरी म्हणजे काय यावरच आमच्यात दोन तट आहेत. जाणं एक, येणं दोन, हा माझा पक्ष. बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या शेजारणीच्या मते जाऊन आलं की एक. तिच्या दहा आणि माझ्या वीस म्हणजे पाण्यात तंतोतंत सारखंच अंतर, पण घरी सांगायला वीस बरे वाटतात. तलाव 25 मीटरचा आहे. चाळीस वेळा भिंत शिवली की एक किलोमीटर होतो. मी विसाचीच आहे आणि त्या विसातही रोज कुठेतरी बुडते.

उपाय करून पाहिले. बोटांना पाण्यात दुसरी कामं असतात. एकदा मराठी महिने धरले, चैत्र जाताना, वैशाख येताना. फाल्गुनापर्यंत छान गेलं, पुढे अधिक महिना कुठे घालायचा ते सुचेना. मुलानं मोजणारं घड्याळ आणून दिलं. मी मधे थांबून गप्पा मारल्या की ते त्याचीसुद्धा एक फेरी धरतं. ते मी त्याला परत केलं.

मन रमवायला मी हेही वाचून ठेवलंय की ऑलिम्पिकवाल्यांचंही याहून वेगळं नसतं. 1500 मीटरच्या शर्यतीत 50 मीटरच्या तीस लांब्या; वळणाच्या भिंतीपाशी पाण्यात आकड्याच्या पाट्या दाखवतात, किती राहिल्या ते कळावं म्हणून, आणि शेवटच्या दोन उरल्या की घंटा वाजवतात. बायकांना ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये मिळाली ती थेट टोकियोत, 2021 साली. अमेरिकेच्या केटी लेडेकीनं सुवर्ण नेलं. तिच्यासाठी कोणीतरी मोजत होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. उलट आमच्याच मुलखातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालेलं, आणि 1972 च्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर 37.33 सेकंदांत कापून सुवर्ण आणलं. मला तेवढ्याच अंतराला दोन मिनिटं लागतात. म्हणजे मोजायला माझ्याकडे चिक्कार वेळ असतो, तरी चुकते.

सध्या जी पद्धत चालू आहे ती आबांची. सात म्हटलं की पलीकडची भिंत येईपर्यंत सात, सात, सात म्हणत राहायचं.

आबा म्हणजे माझे आजोबा, कराडच्या बाजूचे. दशमान पद्धतीचा कायदा 1956 चा, पण आमच्या घरातली धान्य मोजायची पायली पुढे तीसेक वर्षं तरी निवृत्त झाली नव्हती. मे महिना संपत आला की शहरातली लेकरं परतायला निघायची आणि प्रत्येकाच्या पोत्यात शाळू मोजून पडायचा. आबा पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. आणि दुसरं माप भरेपर्यंत तेच घोळवत राहायचे: लाभ, लाभ, लाभ. मग दोन, दोन, दोन. एका सुरात, पायलीवर शीग चढेपर्यंत. मधे कोणी काही विचारलं तर उत्तर नाही, फक्त आकडा जरा मोठ्यानं. आम्ही मुद्दाम कानाशी जाऊन "एकोणीस, एकतीस" असं काहीबाही बरळायचो. चुकले नाहीत कधी. एकदा शेजारची म्हैस व्यायली म्हणून निरोप्या धावत आला, तर आबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चौदा, चौदा."

विहिरीवरही त्यांचा तोच सूर. एवढी पायऱ्यांची विहीर घरची, पण आबांना पोहायला येत नव्हतं. आम्हाला शिकवलं ते चुलत्यांनी, पाठीला पांगाऱ्याचे ओंडके बांधून. पुढच्या वर्षी ओंडके सुटले आणि मग काय, काठावरून मुटके, सूर, तळाची माती मुठीत आणून दाखवणं, कपारीतले पारवे फडफडवणं. आबा वर, मोटेचं पाणी पडायचं त्या जुन्या थारोळ्याच्या दगडावर तंबाखू मळत बसायचे. आम्ही आठ भावंडं.

"आठ, आठ, आठ."

कोणी बुडी मारली की आवाज बदलायचा: "सात, सात, सात." डोकं वर आलं की पुन्हा आठ. दोघांनी मिळून बुडी मारली तर सहा. हे आम्हाला फार आवडायचं. श्वास कोंडून खाली थांबायचं आणि वर आल्यावर काठावरच्याला विचारायचं, माझं सात किती वेळ चाललं? थोरल्या चुलतभावाचं सात सगळ्यांत लांब चालायचं. पाण्याखाली ते ऐकू येत नसे, पण कोणीतरी वर आपली वजाबाकी करून बसलंय आणि आपल्याशिवाय त्याचा हिशोब पुरा होत नाही, हे तेवढ्या काळोख्या हिरव्या पाण्यातही माहीत असायचं.

एका दुपारी सात थांबेना. आम्ही दंग्यात होतो, पहिल्यांदा लक्षातच आलं नाही. मग तो सूर चढत गेला तशी एकेकजण कडेला आली. आबा उठले होते. पायऱ्या उतरत होते, एकेक, भिंतीला हात लावून. धोतर पाण्यावर फुगलं. कमरेइतक्या पाण्यात, जिथे पायरी संपते तिथे, ते थांबले आणि पाण्याकडे बघत म्हणत राहिले, सात, सात. आम्ही माना वळवून एकमेकांना मोजत होतो. कोणालाच धाकटा दिसत नव्हता.

धाकटा वरून वाकून बघत होता. कधी मागच्या बाजूनं चढून जांभळाखाली गेला होता कोण जाणे. जीभ निळी झालेली. "आबा, तुम्ही पाण्यात कशाला उतरलाय?"

आबांनी वर पाहिलं. "आठ," म्हणाले.

रागावले नाहीत. ओलं धोतर पिळत घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत सोप्यात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आमची गाडी होती, म्हणून दिवेलागणीला आमचं पोतं उघडलं. लाभ झालं, दोन झालं, तीन, चार. आजी कंदील धरून उभी. आम्ही कोणी कानाशी गेलो नव्हतो, सगळे गप्प भिंतीला टेकून बसलो होतो. पायली भरून हातात धरलेली, शीग चढलेली, आणि आबांचा सूर थांबला.

"सात झाल्या का आठ?" त्यांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. आजीनं कंदील दुसऱ्या हातात घेतला.

"घाला आणिक एक," ती म्हणाली. "आपल्याच लेकराला चाललंय."