युकुलेलीच्या बाजू वाकवताना

युकुलेली म्हणजे गिटारसारखे छोटे, चार तारांचे वाद्य. त्याच्या बाजूची लाकडी पट्टी वाकवताना मोडली की दोष उष्णतेला दिला जातो. बहुतेक वेळा खरा दोष जाडीचा असतो. युकुलेलीसाठी महोगनीची पट्टी १.६ ते १.८ मिमी ठेवा, गिटारसाठी २ ते २.२ मिमी. कॅलिपरने दर पाच सेंटीमीटरवर जाडी मोजा. एखादी जागा पातळ राहिली तर सगळा वाक तिथेच गोळा होतो आणि गोलाईऐवजी कोपरा पडतो.

पट्टीच्या कडेवरचे लाकडाचे रेषेही (तंतू) पाहा. ते लांबीला समांतर न जाता तिरके बाहेर पडत असतील, तर लाकूड तिथे सोलून निघणारच. अशी पट्टी सरळ बाजूला ठेवा.

ज्यावर पट्टी वाकवायची तो धातूचा पाइप इतका तापवा की पाण्याचा थेंब चर्र करून लगेच उडून जाईल. पट्टी तासभर भिजवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने पातळ लाकूड आडवे पन्हळीसारखे वाकते. दोन्ही बाजूंना पाणी फवारले की पुरे.

सुरुवात कंबरेपासून, म्हणजे वाद्याच्या मधल्या अरुंद भागापासून करा, कारण सर्वांत घट्ट वळण तेच. ताणले जाणारे रेषे वळणाच्या बाहेरच्या अंगाचे, म्हणून तिकडून पातळ स्टीलचा पत्रा धरा. जोर लावू नका; पट्टी मागेपुढे हलवत राहा. लाकूड पुरेसे तापले की हाताखाली एकदम सैल पडते, तेव्हाच दाबायचे. करकर ऐकू आली तर थांबा, पुन्हा तापवा.

थंड झाल्यावर वाक थोडा उघडतो, म्हणून कंबर किंचित जास्त वाकवून पट्टी रात्रभर वाद्याच्या आकाराच्या साच्यात आवळून ठेवा.