मेलेली काडी

आमच्या गच्चीवर एक कुंडी आहे, घरात सगळे तिला 'मेलेली काडी' म्हणतात. ती मेलेली नाहीये हो, गुग्गुळ आहे! पावसाळ्यात इवलीइवली पानं येतात, नंतर गळतात, आणि उरलेले कितीतरी महिने नुसत्या वाकड्यातिकड्या काटेरी फांद्या. कामाच्या मावशींनी दोनदा केरात काढली, तेव्हा नखाने जरा खरवडून दाखवलं, वरचा कागदासारखा पापुद्रा सुटला की खाली हिरवंगार. मावशी म्हणाल्या, "जित्ती हाय तर तसं दिसायला काय हुतंय हिला?"

मावसभावाने भुजच्या नर्सरीतून पाच रोपं आणली होती. चार मीच मारली, रोज पाणी घालून घालून मुळं कुजवली, पाचवं टाकीमागे राहिलं, मी विसरले, म्हणून वाचलं. कच्छच्या मुरमाड जमिनीतलं झाड ते, सोलापूरचं ऊन त्याला माहेरासारखं वाटत असणार.

गुग्गुळ म्हणजे या झाडाचा वाळलेला डिंक, आमच्याकडे तो धुरीसाठी. बाळाची अंघोळ झाली की गोवरीच्या निखाऱ्यावर चिमूटभर टाकायचा, घरभर तो कडवट गोड वास. बाबांच्या योगराज गुग्गुळाच्या आयुर्वेदिक गोळ्या गुडघ्यांसाठी, त्या वेगळ्या. मधे कोलेस्टेरॉलसाठी पण फार बोलबाला झाला होता, लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेने 1980च्या दशकात त्याचं औषधही काढलं, पण 2003 मधे अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवडे चाचणी घेतली, तर गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायचं सोडून थोडं वाढलंच. त्यामुळे मी आपली धुरीपुरतीच.

डिंक काढण्याजोगं व्हायला झाडाला आठ-दहा वर्षं लागतात. मग खाचा पाडायच्या. काहीजण जास्त निघावा म्हणून खाचेत केमिकल भरतात, डिंक येतो भरपूर आणि झाड जातं. रानातला गुग्गुळ असाच संपत चाललाय.

आमचं आता सात वर्षांचं. मागच्या थंडीत गोधडी वाळत घालताना एक फांदी मोडली, मला इतकं वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर मोडल्या जागी पिवळसर थेंब! हात लावला तर बोटाला जो चिकटला तो साबणाने पण निघेना. आठवड्याने वाळून हरभऱ्याएवढा खडा झाला. दुकानात शंभर ग्रॅमची पुडी किती सहज मागायचे मी, आता मागताना उगाच हरभरे मोजते.

खडा कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. बाबांनी डबी उघडून वास घेतला, म्हणाले, "एवढ्यात माझा एक गुडघा तरी होईल का गं?"