एका वजाबाकीच्या चार चुका

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा नवे शिक्षणसेवक असतात. "मॅडम, एकतीस पोरं, त्यात तिसरी-चौथी एकत्र, आणि प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवा म्हणतात. हे जमतं कसं? वर पुन्हा ते मूल्यमापन. तपासायचं कधी आणि शिकवायचं कधी?" कपातला चहा संपेपर्यंत याचं उत्तर देऊन होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश लिहिते.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे माझ्या चौथीच्या वर्गात सगळे एकाच पानावर आहेत, असा दिवस वर्षात एकही नसतो. तेव्हा "प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे" ही आमच्याकडे चैन नाही, त्यावाचून वर्ग चालतच नाही.

मी काय करते, ते एका दिवसाच्या उदाहरणाने सांगते. शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं मी प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर देते आणि फळ्यावर एकच गणित लिहिते. त्या दिवशी चौथीला लिहिलं होतं: शाळेत ४०३ मुलं आहेत. त्यांपैकी १२८ मुली आहेत, तर मुलगे किती? शेजारी मांडायला जागा ठेवा, खोडरबर वापरू नका, एवढ्या दोनच अटी. खोडरबर नको, कारण खोडलेल्यातच मला हवं ते असतं.

घरी गेल्यावर त्या चिठ्ठ्या मी ओसरीवर मांडते. बरोबर आणि चूक असे दोन ढीग करत नाही, जितक्या प्रकारची उत्तरं तितके ढीग करते. उत्तर २७५ हवं होतं. चौथीच्या सोळांपैकी सात जणांचं बरोबर आलं. उरलेल्या नऊ जणांत मला चार उत्तरं मिळाली: ३२५, २८५, १८५ आणि ५३१. गुण द्यायचे तर चारही उत्तरांना शून्यच. पण या चार चुकांचं आपसात काहीही नातं नाही, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

३२५ वाल्यांपैकी एकाला मी विचारलं, "कसं केलंस रे?" तो म्हणाला, "बाई, तिनातून आठ जात न्हाईत, मग आठातून तीन काढले." एकक, दशक, शतक, तिन्ही घरांत त्याने मोठ्या अंकातून लहान अंक काढला होता. आणि हे त्याच्या मनाचं नव्हतं. पहिलीत आम्हीच सांगतो, 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं.' त्याने ते वाक्य जपून ठेवलं आणि जिथे चालत नाही तिथेही इमानाने पाळलं. अशा मुलाला आणखी वीस वजाबाक्या गृहपाठाला दिल्या, तर तो वीसही तशाच करून आणेल आणि त्याची चूक आणखी पक्की होईल.

२८५ वाल्यांचं वेगळं. त्यांनी शतकातून दशक आणले, दशकातून एकक आणले, सगळं रीतसर. फक्त दिलेला एक दशक दशकाच्या घरातून कमी करायचा राहिला. शून्याचे दहा झाले, त्यातला एक गेला, नऊ उरायला हवे, ते दहाच राहिले. समज पुरती आहे, लिहिताना एक पायरी निसटते. त्यांना मी फक्त वर बारीक अंक लिहायची सवय लावली, आणि दोन दिवसांत ते सुटले.

१८५ बघून मात्र मी जरा थांबले. त्या मुलाने एककासाठी थेट शतकाकडे हात पसरला, शंभराचा एक उचलून तिनाशेजारी ठेवला आणि तेरा केले. दशकासाठी पुन्हा शतकाकडे गेला. म्हणजे मधलं शून्य त्याला रिकामं घर वाटतं, त्याला ओलांडून तो पुढे जातो. याला हातच्याची रीत पाठ आहे, पण शंभरात किती दहा आणि किती एक, हे हाताला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला पहिली पंधरा मिनिटं मी त्याला आणि ३२५ वाल्यांना खेळातल्या नोटा देऊन बसवलं. शंभराच्या चार नोटा आणि एकेक रुपयाची तीन नाणी. एका मुलीला बँक केलं. दुकानदाराला १२८ रुपये द्यायचे. तो उठला, शंभराची एक नोट बँकेत दिली आणि म्हणाला, "एकेकाचे दहा दे." बँकवाली पोरगी बापाबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसते. तिने नोट हातात धरली आणि म्हणाली, "शंभराचे दहाच घेतो का? नव्वद कुठं गेले?" तो नुसता नोटेकडे बघत राहिला. मग त्याने दहाच्या दहा नोटा मागितल्या, त्यातली एक मोडून सुटे घेतले आणि हिशेब चुकता केला. २७५ उरले. आदल्या दिवशीची चिठ्ठी मी त्याच्यापुढे ठेवली. १८५ आणि २७५ यांत किती फरक आहे, हे त्याचं त्यानेच काढलं. नव्वदच. मी काही बोलले नाही.

राहिली ५३१ वाली मुलगी. बेरीज केली, चिन्हाकडे लक्ष नाही, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण विचारल्यावर ती म्हणाली, "पोरं चारशे तीन, पोरी एकशे अठ्ठावीस, सगळे मिळून झाले की." तिने 'मुलं' या शब्दाचा अर्थ 'मुलगे' असा घेतला होता, आणि आमच्याकडे बोलताना तो तसाच घेतात. मग मुलगे किती हे गणितात आधीच सांगितलेलं, तर विचारायचं राहिलं ते एकूणच असणार, असं तिने धरलं. चूक माझ्या प्रश्नाच्या शब्दात होती. त्या दिवसापासून मी 'विद्यार्थी' लिहिते. तिला वजाबाकीचं काहीच शिकवायची गरज नव्हती. तिला मी त्या पंधरा मिनिटांत 'त्यांपैकी' आणि 'पेक्षा' असलेली उदाहरणं मोठ्याने वाचून चित्र काढायला दिली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आलं. एकतीस मुलांसाठी एकतीस पाठ नसतात. एका गणितात चुका तीन-चार प्रकारच्याच निघतात, त्यामुळे गटही तीन-चारच होतात. पंधरा मिनिटं गटात, बाकीचा तास सगळे एकत्र. तोवर तिसरी आपापल्या पाटीकामात असते, आणि तिसरीची पाळी आली की चौथी. पुढच्या आठवड्यात गणित बदललं की गट मोडतात. वजाबाकीत अडलेला मुलगा भूमितीत पहिल्या ढिगात असतो. बरोबर आलेल्या सात जणांना मी बरेचदा स्वतः शाब्दिक उदाहरण तयार करायला देते. वजाबाकी येणाऱ्यालाही ते अवघड जातं. त्यांना रोज दुसऱ्यांना शिकवायला बसवणं मला पटत नाही. अधूनमधून ठीक आहे, पण तेही शिकायलाच आलेले असतात.

चिठ्ठीवर मी गुण लिहीत नाही. इस्राएलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना नुसता शेरा मिळाला ती पुढे सरकली, आणि ज्यांना शेऱ्यासोबत गुणही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. माझ्या वर्गात मी हेच बघते. गुण दिसला की मूल शेजाऱ्याची चिठ्ठी बघतं, स्वतःची घडी घालून खिशात टाकतं.

तोंडी कामाबद्दलही सांगायला हवं, कारण काही चुका कागदावर ओळखूच येत नाहीत. एक मुलगा 'चौपन्न' म्हटलं की ४५ लिहायचा. स्थानिक किंमत कच्ची आहे असं समजून मी आठवडाभर त्याच्याकडून काड्यांचे गठ्ठे बांधून घेतले. मग एकदा सहज म्हटलं, "पन्नास चार लिही." त्याने क्षणात ५४ लिहिलं. त्याला दशक-एकक येत होतं, अडत होतं ते मराठी नावांत, जिथे एकक आधी ऐकू येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मी दोन्ही रीती वापरते. 'चौपन्न' गेला तर माझ्या भाषेतून काहीतरी जाईल, हे मला कळतं. पण 'पन्नास चार' म्हटल्याशिवाय त्या मुलाचं काय अडलंय हे मला कधी समजलंच नसतं.

वाचन तपासण्यासाठी मी 'प्रथम' या संस्थेची साधी पट्टी वापरते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. जूनमध्ये एकदा करते, आणि ऊसतोडीहून परतलेल्या प्रत्येक मुलासाठी तो आला त्या आठवड्यात.

आता त्या मूल्यमापनाबद्दल, ज्याला तुम्ही वैतागलेले असता. शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिकचे, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या तपासणीचे, ७० आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. त्यातला विचार अगदी हाच होता, मूल शिकत असतानाच ते कुठे आहे ते बघा. पण नोंदी भरायच्या होत्या, आणि बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळत होत्या. मीही तीन वर्षं त्यातून उतरवल्या. 'उपक्रमात आवडीने सहभागी होतो.' 'गणितातील क्रिया अचूक करतो.' याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती वही मी कितीही उलटली तरी एका मुलासाठी उद्या काय करायचं ते तिच्यात सापडत नाही. आता माझी नोंद अशी असते: 'शून्यावरून हातचा घेताना थेट शतकाकडे जातो. नोटांनी जमलं. कागदावर अजून नाही.' शब्द थोडे, पण त्या मुलाशिवाय दुसऱ्या कोणाच्या नावापुढे ते चालणार नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगते, ती सांगणं सोपं नाही. आधीच्या शाळेत असताना चाचण्यांनंतर मुलांची नावं 'प्रगत' आणि 'अप्रगत' अशा दोन रकान्यांत लिहून तक्ता भिंतीवर लावायचा, असं ठरलं. मीच तो सुवाच्य अक्षरात लिहिला. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत वर्गात परत आले तर एक मुलगी बाकावर चढून, बोट जिभेला लावून, स्वतःचं नाव पुसत होती. स्केचपेनचा निळा रंग तिच्या बोटाला आणि ओठाला लागला होता. मला बघून ती खाली उतरली आणि हात पाठीमागे लपवला. तिला दोन अंकी गुणाकार येत नव्हता, एवढंच त्या चाचणीने सांगितलं होतं. मी भिंतीवर लिहिलं ते भलतंच. तो तक्ता मी त्याच दिवशी काढला. तेव्हापासून माझ्या वर्गातल्या गटांना नावं नसतात. 'हे चौघे माझ्यापाशी या' एवढंच म्हणते, आणि माझ्यापाशी प्रत्येकाची पाळी येते, ज्यांचं बरोबर आलं त्यांचीसुद्धा.

वेळेचं विचारलंत. चिठ्ठ्या लावायला मला वीस मिनिटं लागतात, वह्यांवर एकतीस वेळा बरोबरच्या खुणा करण्यापेक्षा कमी. रोज एकच विषय घेते, कधी तिसरी, कधी चौथी. सगळंच रोज तपासायला गेलात तर आठवड्यात दमाल आणि सोडून द्याल.

१८५ वाला तो मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर गेला. स्थलांतर करणाऱ्या मुलांना आपण शिक्षण हमी कार्ड देतो, ते त्याला दिलं. त्यावर नाव, इयत्ता, शाळा असते. मी त्याला एक चिठ्ठी टाचली: 'तीन अंकी वजाबाकी करतो. मध्ये शून्य आलं की अडतो. शंभराची नोट मोडायला सांगा, लगेच कळतं.' त्याच्या आईला म्हटलं, कारखान्याजवळ ज्या शाळेत बसवाल तिथल्या सरांना हे दाखवा. तिने कार्ड पदराच्या गाठीत बांधलं.

मार्चच्या शेवटी तो आला. कार्डाच्या कडा चहात बुडवल्यासारख्या झाल्या होत्या, पण टाचणी तशीच होती. माझ्या ओळींखाली, मी कधी न पाहिलेल्या अक्षरात, हिरव्या शाईने लिहिलं होतं: 'नोटेशिवाय जमतं. भागाकार सुरू केला आहे, बाकी उरली की घाबरतो.'

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापासून भागाकाराला सुरुवात केली.